गॅरी, पॉल आणि खड्यासारखा काढलेला चिमचार



आपल्या घरात तिशीच्या आसपासचा मुलगा, पुतण्या, भाचा कोणी असेल तर त्याला जेवता जेवता एकच प्रश्न विचारून पाहा : पोकेमॉनमधल्या ॲशचा खरा प्रतिस्पर्धी कोण, गॅरी की पॉल? घास हातात राहील आणि तो बोलू लागेल. त्याच ताटाला बारा-पंधरा वर्षांची मुले बसली असतील तर ती तिसरेच नाव घेतील, ॲलनचे, आणि मग थोरल्यांची व धाकट्यांची जुंपेल. आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत हा वाद मी कित्येक वर्षे ऐकतो आहे. परीक्षा आल्या की थांबतो, सुट्टी लागली की पुन्हा सुरू.

हा वाद पोरकट म्हणून सोडून देण्यासारखा नाही. मुले नावे घेतात कार्टूनमधली, पण भांडतात ते मोठ्या माणसांच्या प्रश्नावर. पुढे गेलेला माणूस मोठा, की पुढे जाण्याची त्याची रीत मोठी? कमकुवत वाटला त्याला गाळून पुढे जावे, की त्याला घेऊन पुढे जावे? या प्रश्नांवर आपली मुले तासतासभर बोलतात आणि आपण त्यांना टीव्ही बंद करायला सांगतो.

ज्या माता-पित्यांनी ही मालिका बसून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. पोकेमॉन म्हणजे काल्पनिक प्राणी. कोणी आग ओकणारा, कोणी पाण्याचा फवारा मारणारा, कोणी विजेचा. मूल दहा वर्षांचे झाले की घर सोडून प्रवासाला निघते, असे प्राणी पकडते, सांभाळते, शिकवते आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी त्यांची लढत लावते. गावोगावच्या जिममध्ये जिंकून आठ बिल्ले मिळवायचे आणि मग लीग नावाच्या मोठ्या स्पर्धेत उतरायचे. थकून पडला तो हरला, एवढाच नियम. आपल्याकडच्या कुस्तीच्या आखाड्यासारखेच समजा; फक्त पैलवान नाना आकारांचे आणि वस्ताद दहा वर्षांचा.

जपानमध्ये हा खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी बाजारात आला आणि त्यावरची चित्रमालिका १ एप्रिल १९९७ पासून टीव्ही टोकियोवर सुरू झाली. खेळाचे जनक सातोशी ताजिरी. मूळ जपानी मालिकेत नायकाचे नाव सातोशी आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे शिगेरू. हे दुसरे नाव निन्टेन्डोचे प्रसिद्ध खेळ-रचनाकार शिगेरू मियामोतो यांच्यावरून घेतलेले, ज्यांना ताजिरी गुरुस्थानी मानत. म्हणजे नायकाला स्वतःचे नाव आणि प्रतिस्पर्ध्याला गुरूचे! प्रतिस्पर्धी म्हणजे वैरी नव्हे, हे तिथे पहिल्या दिवसापासून ठरलेले दिसते. इंग्रजीत हे दोघे ॲश आणि गॅरी झाले, आणि २००३ साली आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर मालिका हिंदीतून आली तेव्हा हीच नावे कायम राहिली. माझा पुतण्या तेव्हा आठ वर्षांचा. आमच्या चाळीत केबल दोन-तीन घरीच होते. त्या वेळेला त्या घरांच्या उंबऱ्यावर पोरांच्या चपलांचा ढीग पडलेला असे.

पुतण्या आजही गॅरीचा. गॅरी म्हणजे प्रोफेसर ओकचा नातू. गावच्या मुलांना पहिला पोकेमॉन ज्यांच्या प्रयोगशाळेतून मिळतो, तेच याचे आजोबा. पहिल्याच भागात ॲश उशिरा उठतो, धावत पोचतो, तोवर ठरलेले तिन्ही पोकेमॉन वाटून झालेले. उरलासुरला पिकाचू त्याच्या पदरात पडतो आणि तोही ऐकत नाही, झटके देतो. इकडे गॅरी उघड्या लाल मोटारीतून निघतो, मागे त्याचा जयजयकार करणाऱ्या मुलींचा ताफा. ॲशच्या घरी आई एकटी. वडिलांचा चेहरा पडद्यावर कधी येतच नाही. एकाची पाचही बोटे तुपात आणि दुसऱ्याचे ताटच उशिरा वाढलेले. चाळीतल्या पोरांना हे चित्र समजायला कोणी उलगडून सांगावे लागले नाही.

मग माझा पुतण्या गॅरीचा कसा? त्याचे म्हणणे असे की वशिला होता हे खरे, पण वशिल्याने आठाच्या जागी दहा बिल्ले मिळत नाहीत, आणि गॅरीने दहा मिळवले होते. शिवाय दोघांची ओळख लहानपणापासूनची. एकदा मासे धरताना दोघांच्या गळाला एकच जुना पोकेबॉल लागला, दोघांनी ओढाओढ केली, तो मधोमध तुटला आणि प्रत्येकाकडे अर्धा अर्धा राहिला. अशी अर्धी वस्तू ज्याच्याशी वाटून घेतलेली असते तो खरा प्रतिस्पर्धी, बाकीचे वाटेत भेटलेले, असे तो म्हणतो. मुद्दा बिनतोड नसला तरी ऐकायला गोड आहे.

गॅरीला आणखी एक गोष्ट शोभते. पहिल्या लीगमध्ये तो ॲशच्याही आधी बाहेर पडला. पुढे २००२ साली सिल्व्हर कॉन्फरन्समध्ये दोघे समोरासमोर आले, गॅरीच्या ब्लास्टॉइजला ॲशच्या चॅरिझार्डने हरवले आणि गॅरीने ते मान्य केले. मोटार, मुली, मिजास सगळे तोवर गळून पडले होते. नंतर त्याने लढती सोडून आजोबांसारखे संशोधन धरले. हरल्यावर तोंड लपवले नाही आणि कोणाला दोषही दिला नाही. आमच्याकडे भरतीच्या परीक्षेत दोन गुणांनी राहिलेली पोरे महिनोन्महिने घराबाहेर पडत नाहीत. त्यांना मी गॅरीचे उदाहरण देतो. कोणी हसते, कोणी ऐकते.

परंतु त्या चॅरिझार्डची हकिगत लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ तिथे आहे. तो आधी चारमँडर होता, शेपटीच्या टोकाला ज्योत असलेले लहानसे पिल्लू. डेमियन नावाच्या मुलाने कमकुवत म्हणून त्याला एका दगडावर बसवून सोडून दिले. मालक परत येईल या आशेवर ते पिल्लू पावसात तिथेच बसून राहिले. शेपटीची ज्योत विझली की जीव गेला, आणि ती विझत चालली होती. ॲश आणि त्याच्या मित्रांनी त्याला उचलून नेले. पुढे तोच मोठा होऊन इतका मस्तवाल झाला की पहिल्या लीगमध्ये रिची विरुद्धच्या लढतीत मैदानातच आडवा झाला आणि ॲश हरला. टाकून दिलेल्याला जवळ केले की तो लगेच गुणी बाळ होतो, असे ही मालिका सांगत नाही. मला ते फार आवडले. ज्यांनी वस्तीतल्या उनाड पोरांबरोबर काम केले आहे, त्यांना यातला खरेपणा कळेल.

असो. गॅरी मला आवडतो, पण माझे मत पॉलला आहे.

पॉल येतो सिन्नोह प्रदेशाच्या प्रवासात. बोलणे तुटक, चेहऱ्यावर हसू नाही. पोकेमॉन पकडतो, हातातल्या यंत्रावर त्याचे गुण तपासतो आणि पसंत न पडलेल्याला तिथल्या तिथे सोडून देतो. त्याच्याकडे चिमचार नावाचे आगीचे माकड असते. एकदा घाबरून जीवावर उदार झाल्यावर या चिमचारच्या अंगातून अफाट आग निघालेली पॉलने पाहिलेली असते, म्हणून तर त्याने त्याला घेतलेले. ती आग पुन्हा पेटावी यासाठी तो त्याला मार खायला लावतो, विश्रांती देत नाही, दमवून दमवून बेजार करतो. आग काही पेटत नाही. शेवटी एका जोडीच्या स्पर्धेत, जिथे ॲश आणि पॉल चिठ्ठीने एकमेकांचे जोडीदार झालेले असतात, चिमचार भीतीने गोठतो आणि पॉल त्याला तांदळातल्या खड्यासारखा काढून टाकतो. ॲश त्याला विचारतो, माझ्याबरोबर येशील का?

इथे चाहत्यांचे दोन तट पडतात, आणि दोन्ही तटांत विचार करणारी मुले आहेत.

पॉलच्या बाजूची मुले म्हणतात, तो क्रूर नाही, हिशेबी आहे. तो खोटे बोलत नाही, लबाडी करीत नाही, समोरच्याचा अभ्यास करून उतरतो. ॲशसारखा हवेत उडी मारून नशिबावर सोडत नाही. आणि त्यांचा सर्वांत भेदक मुद्दा असा की, पॉल जे करतो तेच आपण सगळे खेळात करतो. यात तथ्य आहे. मला आकड्यांची आवड असल्याने मी पुतण्याकडून हा हिशेब नीट समजून घेतला, वाचकांनाही सांगतो.

खेळामध्ये प्रत्येक पोकेमॉनला सहा गुण असतात : जीव, हल्ला, बचाव, वेग वगैरे. या प्रत्येकात एक दडलेला आकडा असतो, शून्य ते ३१, आणि तो पोकेमॉन सापडताक्षणी किंवा अंड्यातून निघताक्षणी ठरतो. म्हणजे जन्माचा आकडा. दुसरा आकडा लढून मिळवायचा, तो मेहनतीचा. स्पर्धा खेळणारी मुले काय करीत? ३१ चा आकडा हवा म्हणून शेकडो अंडी उबवत आणि मनासारखे एक निघाले की बाकीची सोडून देत. टाकलेल्यांचे पुढे काय झाले हे कोणी विचारीत नसे. पॉल म्हणजे आरशातले आपलेच तोंड आहे, असे या मुलांचे म्हणणे.

पण वहीत दुसरी बाजूही लिहावी लागते. पोकेमॉन शंभराव्या पातळीला पोचला की जन्माचा आकडा एका गुणात जास्तीत जास्त ३१ ची भर घालतो. मेहनतीचे २५२ पर्यंत जमतात, त्यांचा चौथा हिस्सा धरतात, म्हणजे ६३. एका गुणापुरते पाहिले तर मेहनत जन्माच्या दुप्पट भरते! अर्थात मेहनतीच्या एकूण खात्याला ५१० ची मर्यादा आहे, त्यामुळे सहाही गुणांत ६३ घेता येत नाहीत; जेमतेम दोनच पूर्ण भरतात. ज्याचे सहाही जन्मांक ३१ तो सरसकट बेरजेत पुढे राहतो, हे लपवून कशाला ठेवू? तरी कुठे जोर लावायचा हे ज्याला कळते तो जन्माची कमतरता भरून काढू शकतो, एवढी जागा खेळाच्या नियमांतच आहे. आणि २०१६ साली आलेल्या सन आणि मून या खेळांपासून तर शंभराव्या पातळीला पोचलेल्याला खास शिकवणी देऊन जन्माचा आकडाही ३१ पर्यंत नेल्यासारखा करता येतो. वीस वर्षांनी का होईना, खेळ करणाऱ्यांनी ते दार उघडले. जन्मावरून पारख करणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना मी समजावून सांगण्याची गरज नाही. पण अंडी सोडून देणारी आपलीच मुले आहेत, ही गोष्ट मात्र त्यांच्याशी बोलण्यासारखी आहे.

पॉलवाल्यांचा दुसरा मुद्दा ॲशवर उलटतो. ॲशनेही पोकेमॉन सोडलेच ना? पहिल्या लीगनंतर त्याने पिजिऑटला जंगलात ठेवले, परत येईन म्हणाला, आणि त्याला घ्यायला गेला तो थेट २०२३ साली, मालिकेच्या शेवटच्या भागांत! पडद्यावरची वर्षे आणि आपली वर्षे सारखी नसतात हे मान्य, पण पाहणारी पोरे तोवर बाप झाली होती. या आरोपाला माझ्याकडे उत्तर नाही. एवढेच म्हणेन की पिजिऑटला तिथल्या दुबळ्या पक्ष्यांचे रक्षण करायला ठेवले होते, निरुपयोगी म्हणून नव्हे. कामावर नेमणे आणि कामावरून काढणे यांत फरक आहे. आमच्या कचेरीच्या शेजारच्या इमारतीत अकरा महिन्यांच्या करारावर पोरे घेतात, दमवतात, बाराव्या महिन्यात नवी पोरे येतात. तिथल्या साहेबाला पॉलची बाजू एकदम पटेल.

चिमचारवर येतो. पॉलवाले म्हणतात, त्याला ताकद पॉलच्या कडक शिकवणीनेच आली, ॲशने आयते घेतले. हे मला पटत नाही. ज्या आगीची पॉल वाट पाहत होता ती त्याच्याकडे असेपर्यंत पेटली नाही. पेटली ती ॲशकडे आल्यावर, आणि तीसुद्धा आधी आवरता न येणारी. ती आवरायला शिकण्यात चिमचारचा मोनफर्नो झाला, मोनफर्नोचा इन्फर्नेप झाला. मधल्या काळात ॲक्युइटी तलावाकाठी सहा विरुद्ध सहा अशी पूर्ण लढत झाली आणि पॉलने ॲशला चारीमुंड्या चीत केले. चांगुलपणा असला की विजय मिळतोच, असे सोपे गणित मालिकेने मांडले नाही. ॲशची माया खरी होती, पण तयारी कच्ची होती, आणि पॉलने ती उघडी पाडली. प्रतिस्पर्धी म्हणून पॉल मोठा ठरतो तो इथे. गॅरीने ॲशला चिडवले. पॉलने ॲशला विचार करायला लावले.

पॉल असा का झाला, हेही दाखवले आहे. त्याचा थोरला भाऊ रेजी गुणी खेळाडू होता. पिरॅमिडचा प्रमुख ब्रँडन याच्याकडून हरल्यावर त्याने लढती सोडल्या आणि पोकेमॉनची जोपासना करण्याचे काम धरले. धाकट्याला भावाचे हे वागणे म्हणजे दुबळेपणा वाटला. पुढे पॉल त्याच ब्रँडनला भिडला आणि स्वतःही आपटला. घरातल्या एकाची हार दुसऱ्याच्या मनात किती खोल जाते, हे मोठ्या कुटुंबात वाढलेल्यांना माहीत असते. रेजी मात्र भावावर कधी रागावत नाही. हा माणूस मालिकेत थोडाच वेळ दिसतो, पण माझ्या मते त्यातला सर्वांत शहाणा तोच.

आणि मग २०१० साली दाखवलेली सिन्नोह लीगची उपउपान्त्य लढत. तीन भाग चालली. पॉलच्या ड्रेपियनने विषारी काटे पसरून ॲशचे गडी एकामागून एक पाडले. आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांना तो डाव अजून तोंडपाठ आहे. शेवटी उरले दोघे, ॲशचा इन्फर्नेप आणि पॉलचा इलेक्टिव्हायर. हे दोघे लहानपणी एकाच दावणीचे. इलेक्टिव्हायर तेव्हा इलेकिड होता, पॉलचा लाडका, आणि चिमचार नावडता. जो ठेवला तो आणि जो टाकला तो, अशी ती गाठ होती. इन्फर्नेप कोसळता कोसळता उभा राहिला, ती आग पेटली, पण या वेळी त्याच्या ताब्यात होती. इलेक्टिव्हायर पडला. ते दृश्य पाहताना माझ्या पुतण्यासारखा गॅरीचा कट्टर माणूसही गप्प बसतो.

पुढच्याच फेरीत ॲश टोबियास नावाच्या माणसाकडून हरला. हा कोण कुठला, कुणास ठाऊक. डार्कराय आणि लॅटियॉस असे दुर्मिळ पोकेमॉन घेऊन आला आणि सगळ्यांना साफ करून गेला. त्या वर्षी चाहते चिडले. मला वाईट वाटले नाही. खरी लढत होऊन गेली होती.

एवढे लिहून झाल्यावर माझ्या मुलीने कागद वाचला आणि म्हणाली, "पप्पा, तुमच्या लेखात सगळी पोरेच आहेत. झोई कुठे आहे?" तिचे म्हणणे रास्त आहे. त्याच सिन्नोह प्रवासात ॲशबरोबर डॉन नावाची मुलगी असते. (आपल्या सिनेमातला डॉन नव्हे.) ती लढतीच्या लीगसाठी नव्हे तर कॉन्टेस्टसाठी खेळते, जिथे पोकेमॉनची कला आणि लढत दोन्ही पाहून गुण देतात. झोई तिची प्रतिस्पर्धी आणि मैत्रीणही. डॉन लागोपाठ हरून खचते तेव्हा झोई तिला गोंजारत नाही आणि टाकूनही बोलत नाही. ग्रँड फेस्टिव्हलच्या अंतिम सामन्यात दोघी समोरासमोर येतात आणि झोई जिंकते. नायकाबरोबर हिंडणारी मुलगी हरते, प्रतिस्पर्धी जिंकते आणि पाहणाऱ्याला दोघींचाही अभिमान वाटतो. मुलगी म्हणते, पोरांना हरवल्यावर मैत्री सुचते, यांची आधीपासून होती. मी यावर काही बोललो नाही. मुलींच्या या जोडीवर चाहत्यांत गॅरी-पॉलच्या मानाने फारच कमी बोलले जाते, हे खरेच आहे.

मधले काही प्रतिस्पर्धी भराभर सांगतो. युनोव्हा प्रदेशातला ट्रिप कॅमेरा घेऊन फिरतो आणि कांटोहून आलेल्या ॲशला खेडवळ म्हणून हिणवतो. गावाकडून मुंबई-पुण्याला आलेल्या मुलांना तो लगेच ओळखू येतो. पण लीगच्या सुरुवातीलाच एका लढतीत हरून तो बाजूला झाला. लिहिणाऱ्यांनीच त्याला मध्ये सोडून दिले. कालोस प्रदेशातला सॉयर मात्र गुणी. प्रत्येक लढत वहीत टिपून ठेवतो, हरतो, टिपतो, पुन्हा येतो आणि ॲशलाही हरवून दाखवतो. अभ्यासिका चालवणाऱ्या माणसाला सॉयर आवडणारच, त्यामुळे माझे मत तिथे धरू नका.

आता ॲलन. २०१६ च्या ऑगस्टमध्ये कालोस लीगची अंतिम लढत झाली. ॲश पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या लीगच्या अंतिम फेरीत पोचलेला. त्याचा ग्रेनिंजा त्याच्याशी मनाने इतका जुळलेला की एकाला लागले तर दुसऱ्याला कळ यावी. या वेळी तो जिंकणार, असे जवळजवळ सगळ्यांनी धरलेले. समोर ॲलन आणि त्याचा काळा-निळा मेगा चॅरिझार्ड. ॲश हरला. जपानपासून अमेरिकेपर्यंत चाहते खवळले. पाणी आगीकडून हरतेच कसे, हा मोठा आक्षेप. त्याचे उत्तर नियमात आहे : चॅरिझार्डच्या त्या रूपात आगीबरोबर ड्रॅगनचाही अंश येतो, आणि ड्रॅगनपुढे पाण्याचा जोर निम्मा होतो, त्यामुळे आगीवर मिळणारी पाण्याची दुप्पट तिथे फिटते आणि हिशेब सरळ होतो. तेव्हा हार अन्यायाची नव्हती.

धाकटी मुले म्हणतात, ज्याने अंतिम सामन्यात हरवले तोच सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी. आणि ॲलन काही गर्विष्ठ नव्हता. मैरिन नावाच्या मुलीचा चेस्पी बेशुद्ध पडलेला, त्याला बरे करण्याच्या आशेने ॲलन लिसांडर या माणसासाठी राबत होता, आणि तो माणूस त्याला फसवत होता. मुलांना ॲलनबद्दल जी माया वाटते ती यामुळे, आणि ती योग्य आहे. पण मला विचाराल तर ॲलन हा जबर खेळाडू आहे, प्रतिस्पर्धी नाही. तो स्वतःची वेगळी कथा घेऊन आला आणि ॲशच्या वाटेत फार उशिरा भेटला. त्याचे आणि ॲशचे भांडण कशावर होते? कशावरच नाही. दोघेही आपल्या पोकेमॉनवर जीव लावणारे. तिथे कोण जिंकला यावर काहीच ठरत नाही, म्हणून हरलेल्याच्या चाहत्यांना नुसता संताप उरला. पॉल जिंकला असता तर एक विचार जिंकला असता, आणि ते भय ती लढत पाहताना पोटात होते.

ॲशने पहिली लीग जिंकली ती अलोला प्रदेशात, २०१९ च्या सप्टेंबरमध्ये, ग्लॅडियनला हरवून. मालिका सुरू होऊन बावीस वर्षे झाली होती. ११ नोव्हेंबर २०२२ रोजी दाखवलेल्या भागात तो लिऑनला हरवून जगातला सर्वश्रेष्ठ ठरला. शेवटी मैदानात उरले ते पिकाचू आणि पुन्हा एक चॅरिझार्ड. मार्च २०२३ मध्ये त्याची कथा संपली आणि एप्रिलपासून नव्या मुलांची सुरू झाली. लिऑन मोठ्या मनाचा विजेता होता, त्याच्याबद्दल कोणाची तक्रार नाही. तक्रार नाही म्हणून वादही नाही. अभ्यासिकेत त्याचे नाव क्वचितच निघते.

मात्र त्या २०२२ च्या स्पर्धेआधी एक गोष्ट घडली आणि तिची चर्चा अंतिम सामन्याइतकीच झाली. पॉल परत आला. बारा वर्षांनी. बोलणे तसेच तुटक, हसू तसेच नाही. मोठ्या लढतीला उतरण्याआधी ॲशला सराव हवा होता, आणि तो द्यायला समोर उभा राहिला पॉल. भेटीगाठी, गळाभेट, माफी असले काही नाही. मागचे एक अक्षर न काढता त्याने चेंडू हातात घेतला आणि लढत सुरू केली. गॅरीवाल्या माझ्या पुतण्याने तो भाग दोनदा पाहिला, असे त्याच्या बायकोने मला सांगितले.